कृष्णपुऱ्याची नदी आणि माळव्याचा जलविहार

इंदूर नगरीच्या मध्यभागी, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, खान नदीच्या काठी कृष्णपुरा वसला आहे. होळकर घराण्यातील तीन व्यक्तींच्या छत्र्या येथे उभ्या आहेत : कृष्णाबाई मासाहेब, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव. दगडी चौथरे, कोरीव खांब, शिखरे आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे ज्यांनी ही जागा निवडली त्यांच्या मनात काय होते हे सांगावे लागत नाही. छत्री ही नदीसाठी असते आणि नदी छत्रीसाठी. स्मारकाचे प्रतिबिंब वाहत्या पाण्यात पडावे, तेथे स्नानसंध्या घडावी, दिवे सोडले जावेत, आणि गेलेल्या माणसाचे नाव पाण्याच्या साक्षीने टिकावे, ही कल्पना आपल्या समाजात फार जुनी आहे.

आज मात्र इंदूरच्या माणसाला पाण्यावर क्रीडा करावयाची झाल्यास तो कृष्णपुऱ्याच्या पायऱ्या उतरत नाही. तो मोटारीने खंडवा जिल्ह्यातील हनुवंतिया येथे जातो. इंदिरासागर धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात, पाण्यातून डोके वर काढून राहिलेल्या टेकड्यांच्या बेटांभोवती, वाटाड्याच्या मागोमाग 'जेट स्की' नावाच्या पाण्यावरील दुचाकीवरून फेरी मारण्याचा प्रकार तेथे सुरू झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तेथे पहिला जलमहोत्सव भरविला, तेव्हापासून या क्रीडेची ओळख माळव्यातील सामान्य कुटुंबांस झाली. समुद्रातील प्रवाळबेटांच्या उथळ, निळ्या खाजणांत परदेशी प्रवासी जी मौज लुटतात, तीच येथे गोड्या पाण्यात मिळू लागली. घरची नदी सोडून इतक्या दूर जाण्याची पाळी या नगरीवर का आली, आणि पाण्यावरच्या विहाराला आपल्या इतिहासात कोणकोणती रूपे लाभली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माळव्याला जलविहाराचे वेड नवे नाही. पंधराव्या शतकात मांडूच्या सुलतानांनी दोन तलावांच्या मध्ये जहाजमहाल बांधला. तो खरोखरीचे जहाज नव्हे. पण पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी चढले म्हणजे ती लांबट वास्तू नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखी दिसते. ज्यांना समुद्र लाभला नाही त्यांनी डोंगरावर समुद्राचा भास निर्माण केला, असेच म्हणावे लागेल. त्याच घराण्यातील नासिरुद्दीन खलजी याने उज्जैनजवळ शिप्रेच्या पात्रातील बेटावर, कालियादेह येथे, पाण्याचे हौद व पाट यांनी वेढलेले विलासस्थान सजविले. नदीचे पाणी दगडी कुंडांतून खेळवून पुन्हा नदीत सोडण्याची तेथील योजना आजही पाहणाऱ्यास थक्क करते.

या नासिरुद्दीनाची एक हकीकत बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात नोंदविली आहे. सुलतान एकदा मद्याच्या अमलाखाली हौदात पडला. सेवकांनी केस धरून त्याला बाहेर ओढले. शुद्धीवर आल्यावर आपल्या केसांना हात लावल्याचा त्याला संताप आला आणि त्याने वाचविणाऱ्याचेच हात छाटविले. पुढे तो पुन्हा पाण्यात पडला तेव्हा कोणी पुढे सरसावले नाही, आणि तो बुडाला. ही कथा अक्षरशः खरी मानावी की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. नासिरुद्दीनाचा मृत्यू तापाने झाला असेही सांगितले गेले आहे. तथापि कथेतील बोध पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पाण्यावर मनुष्य कधीच एकटा धनी नसतो. कोणाच्या तरी हातावर त्याचा जीव असतो, आणि त्या हाताचा मान राखणे हा जलविहाराचा पहिला नियम होय.

सुलतानांचा विहार विलासाचा होता. माळव्यात मराठ्यांचा अंमल स्थिरावला तेव्हा पाण्याशी असलेल्या नात्याचे स्वरूप पालटले. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार केला आणि नर्मदाकाठी महेश्वरला राजधानीचा मान दिला. त्यांनी बांधलेले घाट पाहिले म्हणजे कळते की तेथे राजा आणि रंक यांच्यासाठी निरनिराळी पाणवठ्याची व्यवस्था नाही. पायऱ्या सर्वांसाठी एकच. समोर नदीच्या ऐन प्रवाहात बाणेश्वराचे लहानसे देवालय आहे. तेथे नावेनेच जावे लागते. नावाडी देवळाला वळसा घालतो, प्रवासी हात जोडतो, आणि नाव परत फिरते. महेश्वरपासून जवळच सहस्रधारा आहे. तेथे नर्मदा खडकांतून शेकडो धारांनी फुटून वाहते, आणि तेथेच २०२३ साली राष्ट्रीय युवा क्रीडास्पर्धांतील वेगवान प्रवाहातील नौकाशर्यती झाल्या.

बेटाभोवती फिरण्याची आपली सर्वांत जुनी रीत पाहावयाची असल्यास मात्र ओंकारमांधात्यास जावे. इंदूरपासून सुमारे ७७ किलोमीटरवर नर्मदा आणि तिचाच कावेरी नावाने ओळखला जाणारा फाटा यांच्या मध्ये हे डोंगराळ बेट आहे. त्याच्या दक्षिण अंगास ओंकारेश्वर, पलीकडच्या काठावर ममलेश्वर. बेटाची प्रदक्षिणा पायी केली तर सुमारे सात किलोमीटरची होते. गौरी सोमनाथ, सिद्धनाथ अशी देवस्थाने वाटेत लागतात. ज्यांस चालवत नाही ते पाणी अनुकूल असेल तेव्हा नावेतून बेटाला फेरी घालीत. नावाडी हाच येथला वाटाड्या. कोठे भोवरा आहे, कोठे खडक पाण्याखाली दडला आहे, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने जावे, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, आणि वल्हवता वल्हवता प्रत्येक घाटाची कथाही सांगतो.

या प्रदक्षिणेत एक मर्यादा आहे, ती लक्षात घेण्यासारखी आहे. नर्मदेची महापरिक्रमा करणारा परिक्रमावासी नदी कोठेही ओलांडीत नाही. व्रत पूर्ण होईपर्यंत या बेटावर पाऊल ठेवणेही त्याला वर्ज्य असते, कारण तेथे जावयाचे म्हणजे नदीचा प्रवाह ओलांडणे आले. नदी ही पायाखाली घालण्याची वस्तू नव्हे, तिला उजवीकडे ठेवून चालावयाचे, ही त्यामागील भावना. नदीवर जाणे आणि नदीला मान देणे या दोहोंचा मेळ घालण्यासाठी आपल्या पूर्वजांनी केवढी सूक्ष्म रीत बांधली होती, याचे हे उदाहरण आहे.

गोमंतक आणि कोकणातील वाचकांस ही भावना नवीन वाटणार नाही. कुंभारजुव्याच्या खाडीत गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी होड्या जोडून सांगड बांधतात आणि विसर्जनास निघालेला गणपती वाजतगाजत पाण्यावरून मिरवितात. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेला सजविलेल्या लहानमोठ्या नौका सोडल्या जातात. परंतु देवाचा प्रत्येक जलप्रवास उत्सवाचा नव्हता. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे नेण्यात आला, आणि १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. ज्या पाण्यावरून आज प्रवासी हौसेने बेट पाहावयास जातात, त्याच पाण्याने एके काळी देवाला आणि भक्तांना तारून नेले आहे.

माळव्यात हीच परंपरा भाद्रपद शुद्ध एकादशीला दिसते. त्या दिवसाला तेथे डोल ग्यारस म्हणतात. देवळादेवळांतील बाळकृष्ण डोलांत, म्हणजे सजविलेल्या पालख्यांत, बसवून जलाशयावर नेतात, स्नान घालतात आणि परत आणतात. पावसाळ्याने भरलेले पाणी देवाने स्वतः येऊन पाहावे, अशी ही गोड कल्पना. गावातील नदी देवाच्या स्नानास योग्य आहे की नाही, याची वर्षातून एकदा गावाने घेतलेली ती परीक्षाच म्हणावयाची.

आता कृष्णपुऱ्याकडे वळू. यशवंतराव होळकरांच्या पश्चात राज्यावर आलेले संकट इतिहासप्रसिद्ध आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली. अल्पवयी मल्हाररावांच्या मातोश्री कृष्णाबाई यांनी त्या पडत्या काळात घराण्याचा धीर सांभाळला. राजवाड्याशेजारचे गोपाळमंदिर त्यांनी १८३२ साली बांधविले. १८४४ मध्ये लहानग्या दुसऱ्या तुकोजीरावांची निवड झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. १८४९ मध्ये त्या निवर्तल्या. ज्यांनी नगरीत कृष्णाचे देऊळ उभारले, त्यांची छत्री नदीकाठी झाली, आणि त्यांचेच नाव त्या वस्तीस राहिले.

त्यांच्या शेजारी ज्यांची छत्री आहे त्या दुसऱ्या तुकोजीरावांचा पाण्याशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. खंडवा ते इंदूर आगगाडी यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. सातपुड्याच्या बाजूने येणारी ही लोखंडी वाट मोरटक्क्याजवळ नर्मदा ओलांडून विंध्याचा चढ चढत इंदुरास पोहोचली. जे ओंकारेश्वर बैलगाडीने दिवसांच्या मजला करून गाठावे लागे, ते एका दिवसाच्या आत आले. यात्रेची सोय झाली हे निर्विवाद. पण नगरवासीयांच्या मनात 'खरी नदी' म्हणजे दूरची नर्मदा आणि घरची खान म्हणजे नुसता ओढा, हा भेद रुजावयास येथूनच आरंभ झाला, असे मानण्यास जागा आहे.

याच तुकोजीरावांच्या काळात इंदुरास सरकारी कापड गिरणी निघाली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांबरोबर कामगार आले, दाट वस्ती आली, आणि तिच्या पाठोपाठ प्लेगही आला. अशा वेळी तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने नगररचनेचे प्रसिद्ध पंडित पॅट्रिक गेडिस यांस पाचारण केले. हा स्कॉटिश गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक. गल्लोगल्ली हिंडून, लोकांशी बोलून, तो नगरीचे दुखणे समजावून घेई. त्याने दरबारास सादर केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

गेडिस याने त्या दिवाळीत योजलेली मिरवणूक आजही आठवावी अशी आहे. रूढ मार्गांनी मिरवणूक न काढता, जेथील लोकांनी आपली घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील त्या मार्गाने ती जाईल, असे त्याने जाहीर केले. साऱ्या शहरात झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. पांढरेशुभ्र कपडे ल्यालेले, फुलांनी सजलेले झाडूवाले सन्मानाने चालत होते. मागे नगरदेवतेचा रथ होता. घरोघरी लावण्यासाठी रोपे वाटली गेली आणि त्यांत तुळशीला अग्रमान होता. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. परक्या मनुष्याने आपल्याच सणाची भाषा वापरून आपणांस स्वच्छता शिकविली, आणि नगरीने ती आनंदाने स्वीकारली.

या अहवालाचा जो भाग आपल्या विषयाशी निगडित आहे तो नदीविषयीचा. नगरीतील मैला मोठ्या खर्चाच्या नळांनी वाहून नेण्याच्या कल्पनेवर गेडिस याने कठोर टीका केली. मळी ही मातीची आहे, ती बागांना आणि शेतांना परत मिळाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. नदीकाठ हे उद्यानांचे, देवळांचे, फिरावयाच्या वाटांचे स्थान, ही त्याची दृष्टी. पुढे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच केरकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने गाजली. कचरा मातीला परत देण्याचे शास्त्र ज्या नगरीच्या नावाने ओळखले गेले, त्याच नगरीने आपला मैला नदीला दिला, हा विरोधाभास मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

हे घडले ते एकाएकी नव्हे. नगरीची तहान जोपर्यंत जवळच्या तलावांवर आणि विहिरींवर भागत होती तोपर्यंत जवळचे पाणी जपणे भाग होते. १९३० च्या दशकात गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. तोही अपुरा पडू लागला तेव्हा १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये महेश्वर-मंडलेश्वराच्या बाजूच्या जलूद येथून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून नर्मदा इंदुरात आली. घरात नळाने नर्मदा येऊ लागताच दाराशी वाहणाऱ्या खानेची गरज उरली नाही. वापरलेले पाणी जाण्यास मात्र वाट हवी होती. ती वाट खान झाली. पाणी जितके अधिक आले, तितकी नदी अधिक मलिन झाली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या होत्या तेथेच राहिल्या. परंतु त्यांच्या पायऱ्या ज्या प्रवाहाकडे उतरतात तो तीर्थ राहिला नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. खान नदी इंदुरात संपत नाही. ती उत्तरेस जाऊन उज्जैनजवळ शिप्रेस मिळते, आणि शिप्रेच्या घाटांवर सिंहस्थाचे स्नान होते. कृष्णपुऱ्यात पाण्यात पडलेली घाण क्षिप्रातीर्थी बुडी मारणाऱ्या यात्रेकरूच्या ओंजळीत जाते, हे भूगोलाचे साधे सत्य आहे. २०१६ च्या सिंहस्थासाठी खानेचे पाणी मोठ्या नळातून घाटांना वळसा घालून पुढे नेण्याची योजना करावी लागली, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठ्या बंदिस्त मार्गाचे काम हाती घेण्यात आले. दुसरीकडे २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी शिप्रेच्या उगमाशी आणून सोडण्यात आले. एका नदीला वळवावयाचे, दुसरीला उसने पाणी द्यावयाचे, आणि मग स्नान करावयाचे, अशी ही दशा आहे.

आता हनुवंतियाच्या त्या वेगवान वाहनाविषयी. 'जेट स्की' हे मूळ एका जपानी कारखान्याचे १९७३ पासूनचे व्यापारी नाव. पुढे ते साऱ्या जातीचेच नाव झाले. याच्या पोटात चक्र असते. ते खालून पाणी ओढून घेते आणि मागच्या तोंडातून जोराने फेकते. त्या धक्क्याने वाहन पुढे धावते. त्याच तोंडाची दिशा बदलून ते वळते. म्हणून चालविणाऱ्याने घाबरून वेग एकदम सोडला, तर वाहन वळावयाचेही थांबते आणि आहे त्या दिशेने सरकत राहते. नवख्यांचे अपघात बहुधा याच भ्रमातून होतात. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पाण्यात पडला की दोरी सुटते व यंत्र बंद होते. वाटाड्या पुढे, बाकीचे अंतर राखून मागे, हाताच्या खुणांनी संदेश, अंगात तरंगते जाकीट, अशी या फेरीची शिस्त आहे. मांधात्याच्या नावाड्याचे ज्ञान आणि या वाटाड्याचे ज्ञान यांची जात एकच. दोघांनाही पाण्याखाली काय आहे ते ठाऊक असावे लागते.

आणि इंदिरासागराच्या पाण्याखाली पुष्कळ काही आहे. या धरणाची कोनशिला २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बसली. ९२ मीटर उंचीच्या भिंतीमागे भारतातील सर्वांत मोठ्या साठ्याचा जलाशय तयार झाला. त्यासाठी अडीचशेच्या आसपास गावे बाधित झाली. हरसूद हे जुने, भरल्या बाजाराचे गाव २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडी रिकामे करण्यात आले. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे पाडून लाकूडफाटा, दारे, खिडक्या बरोबर नेल्या. ज्या टेकड्यांना आज बेटे म्हणतात, त्यांच्या पायथ्याशी शेते होती, वाटा होत्या, गावदेवांची ठाणी होती. धरणाने वीज दिली, पाणी दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बेटांना फेरी घालणाऱ्याला वाटाड्याने खडकांबरोबर गावांचीही नावे सांगावीत, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही. महेश्वरचा नावाडी घाटाची कथा सांगतो. हनुवंतियाच्या वाटाड्याने हरसूदची सांगावी. मग ती फेरी नुसती मौज न राहता तिला प्रदक्षिणेचे काही पुण्य लाभेल.

यंत्रनौकांचा पाण्यावर होणारा परिणामही विचारात घ्यावयास हवा. २०२३ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ येथील पीठाने, भोपाळकर ज्याचे पाणी पितात त्या मोठ्या तलावातील प्रवासी जहाज आणि यंत्रनौका थांबविण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आणि इंधनाचा तवंग एकत्र नांदू नयेत, हा त्यातील विचार आपल्या परंपरेस परका नाही. घाटावर वस्त्र धुण्याची जागा वेगळी आणि स्नानाची वेगळी ठेवणाऱ्या समाजाला तो समजावून देण्याची गरज नसावी.

समाधानाची गोष्ट अशी की इंदूर स्वस्थ बसलेले नाही. खान आणि तिला शहरातच मिळणारी सरस्वती यांत पडणारी हजारो गटारतोंडे बंद करून मैला शुद्धीकरण केंद्रांकडे वळविण्यात आला, आणि २०२१ मध्ये केंद्र शासनाने या नगरीस देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून गौरविले. सिरपूर तलाव व यशवंतसागर यांस २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा मान मिळाला. गेडिसची ती मिरवणूक शंभर वर्षांनी पुन्हा निघाली आहे, असे कौतुकाने म्हणता येईल. परंतु तिचा मार्ग अद्याप कृष्णपुऱ्याच्या पाण्यापर्यंत पुरता पोहोचावयाचा आहे. उज्जैनसाठी वळणमार्ग बांधावा लागतो याचाच अर्थ नदी अजून निर्दोष झाली नाही.

नदी खरोखर सुधारली हे कशावरून ओळखावे? प्रशस्तिपत्रकांपेक्षा सोपी कसोटी आपल्या पूर्वजांनी घालून दिली आहे. डोल ग्यारसेला गोपाळमंदिरातील देवाला कृष्णपुऱ्याच्या पायऱ्यांवर आणून त्याच पाण्याने स्नान घालावे, असे पुजाऱ्यास निःशंकपणे वाटले पाहिजे. वल्ह्याची एखादी नाव छत्र्यांना वळसा घालून जाईल आणि नावाडी कृष्णाबाई मासाहेबांची कथा सांगेल, तेव्हा इंदूरच्या मुलांना बेटाभोवतीची फेरी म्हणजे काय हे कळण्यासाठी दूर जावे लागणार नाही. हौसेने त्यांनी हनुवंतियाला अवश्य जावे. पण घरची नदी नाही म्हणून जाऊ नये. ज्या नगरीच्या देवाला आपल्या नदीत स्नान करता येत नाही, तिने कितीही मोठे जलाशय पालथे घातले तरी तिचा जलविहार अपुराच राहील.